खांब सोड आणि पुढे जाऊन उभी राहा

ताई,

गेलं वर्षभर मी एका छोट्या इंडी पॉप बँडची गाणी ऐकतेय. चौघं आहेत. इंडी म्हणजे कुठल्याही मोठ्या कंपनीशी करार नाही, गाणी स्वतःच रेकॉर्ड करतात. मागच्या महिन्यात त्यांना पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं. काय वाजवतात, ताई! रेकॉर्डिंगच्या दुप्पट जीव होता गाण्यांत. मध्येच गिटारची तार तुटली, तर बेसवाला आणि ड्रमर यांनी एकमेकांकडे नुसतं बघितलं आणि गाणं फिरतं ठेवलं. गायिकेने तोवर तालावरच चार ओळी बोलून काढल्या.

पण हॉल दोनशेचा आणि माणसं जेमतेम तीस-चाळीस. स्टेजपुढे अर्धवर्तुळ रिकामं. मागे एक घोळका सगळा वेळ गप्पा मारत होता, अगदी हळुवार गाण्यातसुद्धा. माझा नुसता जळफळाट झाला, पण मी खांबाला टेकून उभी राहिले, कुणाला काही बोलले नाही. शब्द नीट कळत नव्हते. घरी आले तर कान वाजत होते. कार्यक्रम संपल्यावर गायिका अगदी समोर होती, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मैत्रिणींना मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणाल्या, ‘हे काय ऐकतेस?’

तेव्हापासून हळहळ वाटतेय. एवढी गुणी माणसं आणि ऐकायला कुणी नाही. अशाने बँड मोडेल का? लवकरच त्यांचा पुन्हा कार्यक्रम आहे. मी काय करू?

– खांबाशेजारची

ता. क. स्टेजवर चिकटवलेला गाण्यांच्या यादीचा कागद मागितला तर चालतं का?

*

प्रिय खांबाशेजारची,

तुझा कान चांगला आहे, हे आधी सांगते. ‘भारी वाजवतात’ एवढं लिहून तू थांबली नाहीस. तार तुटली तेव्हा कोण काय करत होतं ते लिहिलंस. बँड गुणी आहे की नुसताच पाठांतर करून आलेला, हे अशाच वेळी कळतं.

तार तुटली की एकच तार जाते असं नाही. गिटारच्या मानेवर सगळ्या तारांचा मिळून ताण असतो. त्यातली एक गेली की तो बदलतो आणि उरलेल्या पाचांचे स्वरही थोडे सरकतात. काही गिटारींचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात तो भाग, स्प्रिंगवर तरंगता असतो, त्यांच्यावर तर सगळंच बेसूर होतं. त्यामुळे ‘पाच तारांवर भागवून नेतो’ म्हणायची सोय नसते. मोठ्या बँडांकडे दुसरी गिटार जुळवून तयार असते आणि ती धावत आणून देणारा माणूसही असतो. छोट्या बँडचा गिटारवादक स्टेजवरच गुडघे टेकून तार बदलतो, नाहीतर त्या दिवशी वाजवणाऱ्या दुसऱ्या बँडकडून गिटार मागून आणतो. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी काय करायचं, हे कुठे लिहिलेलं नसतं. तुझ्या बँडच्या दोघांनी एका नजरेत ठरवलं की थांबायचं नाही. गायिकेच्या लक्षात आलं की आता आधाराला सूर नाही, फक्त ठेका आहे. म्हणून तिने चाल बाजूला ठेवली, पण ताल सोडला नाही. तिघंही त्या क्षणी एकमेकांचं ऐकत होते. हे बरोबर वाजवून वाजवूनच अंगात येतं, आणि पुष्कळांना वर्षानुवर्षं वाजवूनही येत नाही.

तेव्हा बँडबद्दलचं तुझं मत बरोबर आहे असंच धरून चालते. तुझ्या हळहळीबद्दल मात्र मला वेगळं सांगायचंय.

‘ऐकायला कुणी नाही,’ असं तू लिहिलंस. तीस-चाळीस माणसं होती की. हॉल दोनशेचा होता म्हणून ती कमी वाटली; तेवढीच माणसं एखाद्या खोलीत असती तर तू ‘पाय ठेवायला जागा नव्हती’ असं लिहिलं असतंस. रिकाम्या हॉलचं बँडला वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही. वाटतं. भाडं, प्रवास, सामानाची ने-आण, सगळं अंगावर येतं. पण ज्या संगीतावर तुझा जीव जडलाय ते पहिल्यापासून याच मापाचं आहे, हे तुला माहीत असावं असं वाटतं.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची एक रेकॉर्ड स्वतःच काढली, उसन्या पैशांनी. पहिल्या खेपेला प्रती छापल्या हजार. आपली रेकॉर्ड आपणच काढता येते, हे त्यातून कितीतरी जणांना उमजलं. १९८० मध्ये ग्लासगोच्या पोस्टकार्ड या छोट्याशा लेबलची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची, पहिली रेकॉर्ड आली. १९८६ मध्ये एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने अशा छोट्या लेबलांवरच्या बँडांची ‘सी ८६’ नावाची कॅसेट काढली, त्यात २२ बँड होते, आणि गोड चालींच्या, खणखणत्या गिटारींच्या या पॉपला तिथून एक ओळख मिळाली. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, ग्लासगोच्याच बेल अँड सबॅस्टियन या बँडचा पहिला अल्बम आला. तो एका कॉलेजच्या संगीत-व्यवसाय अभ्यासक्रमातला प्रकल्प होता. त्याच्याही प्रती हजारच. नंतर हा बँड जगभर ऐकला गेला, पण सुरुवातीचे श्रोते म्हणजे ते हजार आणि त्यांनी ज्यांना ऐकवलं ते. तुझे तीस-चाळीस या हिशोबात अगदीच किरकोळ नाहीत.

इथे बहुतेक लोक तुला ४ जून १९७६ ची गोष्ट सांगतील. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडचा कार्यक्रम झाला, तो भरवला होता बझकॉक्समधल्याच दोघांनी. माणसं चाळीसच्या आसपास. ऐकायला आलेल्यांतला पीटर हुक दुसऱ्या दिवशी जाऊन बेस गिटार घेऊन आला आणि त्यातून पुढे जॉय डिव्हिजन हा बँड उभा राहिला. गोष्ट खरी आहे. पण तुझं समाधान करायला मी ती वापरणार नाही. चाळीस जणांसमोर झालेल्या बहुतेक कार्यक्रमांतून इतिहास वगैरे काही घडत नाही. घडावा अशी अपेक्षाही ठेवू नये. त्या रात्री चार चांगली गाणी चांगल्या रीतीने वाजली, ती ऐकणाऱ्यांनी मनापासून ऐकली, तर तो कार्यक्रम पुरता झाला. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. माझी काही वर्षं अशा बँडांचे टी-शर्ट आणि सीडी मांडलेल्या टेबलामागे गेली आहेत. गच्च भरलेल्या पण लक्ष नसलेल्या हॉलमधून बँड कसा चिडचिडत बाहेर पडतो आणि वीस जणांनी कान देऊन ऐकल्यावर कसा रंगात येऊन गाडीत सामान भरतो, हे दोन्ही मी जवळून पाहिलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हॉल भरणं तुझ्या हातात नाही. हॉलमध्ये कुठे उभं राहायचं आणि कसं ऐकायचं, हे पूर्ण तुझ्या हातात आहे. त्यात तू स्वतःसाठीही पुष्कळ काही सोडून दिलंस.

खांबाचंच घे. शब्द कळले नाहीत असं म्हणतेस. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि स, श, त, क यांचा आवाज वरच्या पट्टीत असतो. हा वरचा आवाज सरळ रेषेत जातो; मध्ये खांब आला की अडतो. बेसचा आवाज मात्र खांबाला वळसा घालून येतो आणि भिंतींच्या, कोपऱ्यांच्या जवळ आणखी फुगतो. म्हणजे तुझ्या जागी घुमणं जास्त आणि शब्द कमी. त्यात हॉल रिकामा. माणसांची अंगं आणि कपडे आवाज शोषून घेतात. दोनशे माणसं असती तर भिंतींवरून परतणारा बराचसा आवाज त्यांच्यातच जिरला असता. तीस-चाळीस असताना तो हॉलभर फिरत राहतो, झांजांचा किणकिणाट पुढच्या शब्दावर सांडतो आणि ओळ पुसट होते. साउंड इंजिनियरने दुपारी साउंडचेक, म्हणजे आवाजाची चाचणी, रिकाम्या हॉलमध्ये केलेला असतो, संध्याकाळी माणसं येतील या अंदाजाने थोडं धरून. माणसं आलीच नाहीत तर त्याचाही अंदाज चुकतो.

अशा वेळी ऐकणाऱ्याच्या हातात एकच उपाय असतो, पुढे सरकायचं. जितकी जवळ जाशील तितका थेट येणारा आवाज वाढतो आणि भिंतींवरून येणारा त्याच्या मानाने कमी पडतो. अगदी स्टेजला नाक लावून उभी राहू नकोस. छोट्या हॉलमध्ये गाणाऱ्याचा आवाज मुख्यतः दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरांतून येतो आणि ड्रम आणि गिटारचा अँप्लिफायर थेट स्टेजवरून. त्यामुळे पहिल्या पावलावर ड्रम छातीत बसतात आणि आवाज मात्र डोक्यावरून जातो. स्टेजपासून चार-सहा पावलं मागे, मधोमध, दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर येतील अशी जागा बघ. सगळ्यात नेमका आवाज साउंड इंजिनियरच्या मिक्सरजवळ असतो, कारण तो स्वतःच्या कानांनी ऐकून सगळं जुळवत असतो. एरवी मी कुणालाही तीच जागा सांगते. पण तुझा हॉल रिकामा आहे आणि तुला बँडसाठी काही करायचंय, म्हणून तू पुढे जा.

त्याचं कारण असं. स्टेजवरच्या दिव्यांमुळे वाजवणाऱ्यांना हॉलचा मागचा भाग काळाकुट्ट दिसतो. पहिल्या दोन-तीन रांगांतले चेहरे तेवढे दिसतात. समोर अर्धवर्तुळ रिकामं असलं की त्यांच्या दृष्टीने हॉलमध्ये कुणीच नसतं, मग मागे खांबाला टेकून कुणी कितीही जीव ओतून ऐकत असो. तू त्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिलीस की गायिकेला बघायला एक चेहरा मिळतो. आणि अर्धवर्तुळ मोडायला कुणीतरी पहिलं लागतं. एक जण पुढे गेला की पाच जण जातात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याबद्दल शंका नाही. संकोच वाटेल. पहिल्या गाण्यात वाटेल, दुसऱ्यात विसरशील. नाचलं पाहिजे, हात वर केले पाहिजेत असं काही नाही. उभं राहायचं आणि ऐकायचं.

गप्पा मारणाऱ्यांबद्दल तुझा जळफळाट मला समजतो. हळुवार गाण्यात मागून हसण्याचा गलका आला की माझंही रक्त तापतं. पण ती माणसं मुद्दाम करतात असं समजू नकोस. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलू लागतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्ये मांडलं, आणि त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. बँड जोरात असताना गप्पांचाही आवाज चढतो. मग एकदम गाणं खाली येतं, पण बोलणारा मात्र चढलेल्या आवाजातच अडकलेला असतो. लांबून ‘शूऽऽ’ केलंस तर तो चिडेल आणि बँडला गाण्याच्या मध्येच तुमचं भांडण ऐकू येईल. दोन गाण्यांच्या मध्ये जवळ जा आणि हळू आवाजात म्हण, ‘पुढचं गाणं हळू आहे, जरा ऐकू द्याल का?’ बहुतेक लोक ओशाळतात आणि गप्प होतात. एखादा होत नाही. मग त्याच्यापासून लांब जायचं, त्याच्यावर आणखी एक गाणं खर्च करायचं नाही. पुढे उभी असशील तर हा प्रश्न निम्मा आपोआपच सुटतो.

चांगल्या बँडची यावरची युक्ती बघण्यासारखी असते. गप्पा वाढल्या की ते आवाज वाढवत नाहीत, आणखी खाली आणतात. ड्रमर काड्या ठेवून हाताने वाजवतो, गायिका माईकपासून अर्धं पाऊल मागे जाते. अशा वेळी बोलणाऱ्याला अचानक स्वतःचा आवाज ऐकू येतो. पुढच्या खेपेला हे होतंय का याकडे लक्ष दे.

कानांचं मात्र मनावर घे. कान वाजणं म्हणजे कानाच्या आतल्या पेशी दमल्या आहेत, आणि त्यांतल्या काही कायमच्या गेल्या तर परत येत नाहीत. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटं. छोट्या हॉलमध्ये ड्रम असलेला बँड शंभरच्या आसपास सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. तू तिथे दीड-दोन तास तरी असशील. फोमचे साधे बोळे मिळतात, पण त्यांनी वरचा आवाज जास्त कापला जातो आणि सगळं उशीतून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठी केलेले फिल्टरवाले इअरप्लग घे. ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज बऱ्यापैकी सारखाच खाली आणतात. गाणं तसंच राहतं, फक्त त्याची धार कमी होते. शब्दही पुष्कळदा जास्त स्वच्छ कळतात. बँडमधले कितीतरी जण स्वतः ते घालतात, तेव्हा लाजायचं कारण नाही. आणि कान दुसऱ्या दिवशीही वाजत राहिले किंवा कमी ऐकू यायला लागलं, तर थांबू नकोस, कानाच्या डॉक्टरांना दाखव.

आता मैत्रिणी. त्यांनी ‘हे काय ऐकतेस’ म्हटलं, त्यात त्यांचा दोष नाही. मोबाईलचा माईक बोलणं टिपायला केलेला असतो. मोठा आवाज आला की फोन तो आपोआप दाबतो, मग ड्रमचा ठोका पडला की गाणं बुडतं, ठोका संपला की पुन्हा वर येतं. बेस तर जवळजवळ नाहीसाच होतो. त्यांनी जे ऐकलं तो तुझा बँड नव्हताच. ते रेकॉर्डिंग तुझ्यापुरतं ठेव. अजून प्रसिद्ध न झालेलं एखादं गाणं त्यात असेल तर बँडला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नकोस. कच्चं गाणं कधी आणि कसं बाहेर आणायचं, हा त्यांचा हक्क आहे.

पुढच्या वेळी फोन खिशात राहू दे, असंही सुचवते. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयात ज्यांनी वस्तूंचे फोटो काढले त्यांना त्या वस्तू नुसत्या बघणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूचा एखादाच बारकावा जवळ घेऊन टिपला, त्यांचं असं झालं नाही. कार्यक्रम म्हणजे संग्रहालय नव्हे, तरी मला यातून घेण्यासारखं वाटतं ते असं की आठवण म्हणून एखादा फोटो काढायचाच असेल तर असा कशाचा तरी काढ. आवाज बदलणाऱ्या पेडलवरचा बेसवाल्याचा पाय, ड्रमरने झांजेला चिकटवलेली टेप. सगळं गाणं हात वर धरून चित्रित करण्यात तुझाही हात दुखतो आणि मागच्याच्याही डोळ्यांपुढे पडदा येतो.

मैत्रिणींपैकी सगळ्यांना ओढून नेऊ नकोस. एकीलाच विचार. जी गाणं लागलं की बोलणं थांबवते, तिला. आधी पूर्ण अल्बम पाठवू नकोस, एकच गाणं पाठव, आणि तेही तुझं सगळ्यात लाडकं नको. ज्याची चाल पहिल्यांदा ऐकताच डोक्यात बसते ते पाठव. सोबत ‘तुला आवडेलच’ लिहू नकोस. आणि कार्यक्रमात दर दोन मिनिटांनी तिच्या तोंडाकडे बघू नकोस, ती ऐकेल तिचं तिचं. नाही आवडलं तर नाही. तुझं आवडणं त्याने खोटं ठरत नाही. आणि कुणीच आलं नाही तर एकटी जा. एकट्याने ऐकण्यात एक मोठी सोय असते, कुणाला कसं वाटतंय याची काळजी करावी लागत नाही. मी तर बहुतेक एकटीच जाते.

तुम्ही जाल तेव्हा तिकीट आधी काढा, दारावर काढू म्हणून थांबू नका. आधी किती तिकिटं गेली यावरच कार्यक्रम भरवणाऱ्यांचा धीर टिकतो, आणि ती फारच कमी गेली तर कार्यक्रम रद्दही होतो. वेळेवर जा. आधी वाजवणारा बँडही कुणाचा तरी लाडका असतो, आणि त्याच्यासमोरचं अर्धवर्तुळ तर हमखास रिकामं असतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. स्ट्रीमिंगवर रोज ऐकतेस ते चांगलंच आहे, पण त्यातून छोट्या बँडच्या हातात फारसं पडत नाही. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकणारे मिळाले नाहीत, त्या गाण्याचे रेकॉर्डिंगचे पैसे मोजलेच जात नाहीत. त्यापेक्षा टेबलावरून एक सीडी किंवा टी-शर्ट घेतलास तर त्यातला बराच मोठा भाग बँडकडे जातो. काही ठिकाणी हॉलवाले त्यातही वाटा मागतात, पण तरीही. बँड आपली गाणी आणि वस्तू थेट विकतात त्या बँडकॅम्पसारख्या वेबसाइटवर डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण १५ टक्के घेते आणि वस्तूंवर १०. त्यातून पैसे देवाणघेवाणीचा खर्च वजा जाता उरलेलं बँडचं. जमेल तेवढंच घे. उपकार म्हणून पाच टी-शर्ट घेऊन कपाटात टाकण्यात काही अर्थ नाही.

गायिकेसमोर तुझी वाचा बसली, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. खूप काही सांगायचं असलं की असंच होतं. पण टेबलामागे उभी राहून मी एक गोष्ट शिकलेय, ती तुला उपयोगी पडेल. कार्यक्रम संपला की माणसं येतात आणि म्हणतात, ‘मस्त झालं.’ बँड म्हणतो, ‘थँक यू.’ दोघंही मनापासून बोलतात आणि पुढच्या क्षणी विसरतात. एकदा एक मुलगी आली, टी-शर्ट बघता बघता ड्रमरला म्हणाली, ‘तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी तुम्ही एक ठोका गाळलात. मुद्दाम ना?’ तो वायर गुंडाळत होता, तसाच थांबला. मग खोक्यावर बसला आणि त्या ठोक्यावरून तालमीत कसं भांडण झालं होतं ते तिला सांगू लागला. निघताना गाडीतही तो त्या मुलीबद्दलच बोलत होता. तिने कौतुकाचा एकही शब्द वापरला नव्हता.

तुझ्याकडे तर असं वाक्य तयारच आहे. ‘मागच्या वेळी तार तुटली तेव्हा तुम्ही त्या चार ओळी बोलल्यात, त्या मला आठवतात.’ एवढंच म्हण. वर्षभर त्यांची गाणी ऐकतेस, त्यांनी तुला काय दिलं, हे सांगावंसं वाटलं तर तेही एका वाक्यात सांग आणि बाजूला हो. मागे कुणी ताटकळत असेल, आणि त्यांना सामान आवरून हॉल वेळेत रिकामा करून द्यायचा असतो. जमलं नाही तर घरी येऊन लिहून पाठव. छोट्या बँडचे निरोप बहुधा बँडवालेच वाचतात.

बँड मोडेल का? मोडू शकेल. चौघांचे पोटापाण्याचे उद्योग असतील, कुणी दुसऱ्या गावी जाईल, कुणाचं मन उडेल. भरल्या हॉलचे बँडही मोडतात. एक्सटीसी या इंग्लिश बँडचे कार्यक्रम चांगले गाजत होते, पण गायक अँडी पार्ट्रिजला स्टेजची भीती असह्य झाली आणि १९८२ मध्ये त्यांनी दौरे कायमचे थांबवले. अल्बम मात्र पुढे २००० पर्यंत काढत राहिले. ब्रिस्टलचं सारा रेकॉर्ड्स हे इंडी पॉपमधलं फार लाडकं लेबल. दोघांनी १९८७ मध्ये सुरू केलं आणि १९९५ मध्ये शंभरावं प्रकाशन काढून आपण होऊन बंद केलं. ना कर्ज, ना भांडण. आता पुरे, एवढंच. त्यांच्या रेकॉर्ड लोक अजून शोधून ऐकतात. तेव्हा थांबणं आणि हरणं यांची गाठ मनात घालू नकोस. या बँडचं काय व्हायचं ते ही चार माणसं ठरवतील. त्यांचं ओझं तू घरी बसून वाहिलंस तर गाणी ऐकताना तुझाच घसा दाटेल, आणि त्यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही. आत्ता ते वाजवतायत आणि कार्यक्रम ठरलेला आहे. जा.

आणि तुझ्या ता. क.चं उत्तर: हो, यादीचा कागद मागायला हरकत नाही, पुष्कळ जण मागतात. फक्त स्वतःहून स्टेजवर चढून ओढून काढू नकोस. तिथे वायरी पसरलेल्या असतात, आणि पेडल बंद व्हायच्या आत कुणाचा पाय पडला तर स्पीकरांतून जो धमाका होतो त्याने सगळेच दचकतात. शेवटचं गाणं झाल्यावर त्यांना वाद्यं ठेवू दे, मग सगळ्यात जवळ जो असेल त्याला खालूनच विचार. सहसा प्रत्येकापुढे एक प्रत असते. ड्रमरची मागितलीस तर जास्त गंमत येईल, कारण त्याच्या कागदावर गाण्यांच्या नावांसमोर गती, ठेका, कुठे थांबायचं अशा खुणा पुष्कळदा केलेल्या असतात. त्यांना तो कागद पुढच्या कार्यक्रमाला लागणार असेल तर ते सांगतील. मग फोटो काढून घे.

– तुझी ताई